एसटीचा नट ढिला का होतो

पुण्यातल्या स्वारगेटच्या फलाटाला लागलेली, इंजिन चालू असलेली एसटी बाहेरून बघणाऱ्याला उभी दिसते. आतून ती सेकंदाला तीस धक्के खात असते. हिशेब अवघड नाही. सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन नुसतं चालू ठेवलं तर मिनिटाला साधारण ६०० फेरे घेतं. चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांमागे प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. म्हणजे एका फेऱ्यात तीन स्फोट, मिनिटाला १८००, सेकंदाला ३०. कंडक्टर नोंद करून येईपर्यंत दहा मिनिटं गेली तरी १८ हजार धक्के झाले. खिडक्यांच्या काचा थरथरतात, पुढच्या सीटचा दांडा हाताला मुंग्या आणतो, ते यामुळेच. मग गाडी जेधे चौकातून कात्रजच्या दिशेला लागते, इंजिनाचे फेरे वाढतात, धक्क्यांचा आकडा दुप्पट-तिप्पट होतो आणि खड्डे, गतिरोधक, घाटातली वळणं यांचे हिसके त्यात वेगळे मिळतात.

अशा गाडीत नट, बोल्ट, स्क्रू आणि रिबिटा हजारोंनी असतात. त्यांतला एखादा खडखडायला लागला की आपण लगेच ‘लाल डबा’ म्हणून मोकळे होतो. खरं तर कुतूहल उरलेल्यांचं वाटायला हवं. इतका मार खाऊन बहुतेक जोड वर्षानुवर्षं जागचे हलत नाहीत, ते कशाच्या जोरावर?

नट घट्ट राहतो तो आट्यांमुळे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आटे त्याला फक्त वाट देतात. नट पान्याने पिळत गेलं की एका टप्प्यावर तो बसतो, आणि त्यापुढे पिळलं की बोल्ट लांबायला लागतो. पोलादाचा जाडजूड बोल्ट लांबतो हे ऐकायला विचित्र वाटतं, पण तो लांबतोच. ताणलेला बोल्ट परत आखडू पाहतो आणि मधले दोन भाग एकमेकांवर दाबून धरतो. जोड टिकतो तो या दाबावर. बोल्ट म्हणजे प्रत्यक्षात एक फार ताठ स्प्रिंग आहे, आणि पाना हे तिला ताण देण्याचं साधन.

बसच्या चाकाचा २२ मिलिमीटर जाडीचा एक स्टड घेऊ. तो सुमारे ६०० न्यूटन-मीटर जोर लावून आवळला, तर त्याच्यात बारा-तेरा टनांचा ताण तयार होतो. प्रवाशांनी भरलेली आख्खी एसटी पंधरा टनांच्या आसपास भरते. म्हणजे एकेका स्टडने जवळजवळ एक गाडी ओढून धरलेली असते आणि असे स्टड एका चाकाला आठ-दहा. एवढ्या ताणाखाली तो लांबतो किती? पाच सेंटिमीटरच्या पकडीत जेमतेम एक दशांश मिलिमीटर.

हा एक दशांश मिलिमीटर नीट लक्षात ठेवावा, कारण ढिलेपणाची निम्मी कहाणी त्यात आहे. रंगाच्या जाड थराची जाडीही साधारण तेवढीच असते. चाकाची डिस्क आणि हब यांच्यामध्ये रंगाचे थर राहिले, गंजाचा पापुद्रा राहिला, माती राहिली, तर गाडी चालताना तो थर चेपतो. थर चेपला तेवढी पकड कमी झाली. नट तसूभरही फिरलेला नसतो, त्यावर मारलेली खूण जिथल्या तिथे असते, आणि तरीही बोल्टचा ताण संपलेला असतो. म्हणून जाणता मिस्त्री चाक बसवण्याआधी हबचा तोंडाचा भाग तारेच्या ब्रशने घासून लख्ख करतो. नवं चाक बसवल्यावर पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून बघायचे असतात, तेही याच कारणाने. पृष्ठभागावरचे बारीक उंचवटे पहिल्या धावेत चेपले जातात, आणि त्यांची भरपाई एकदाच करावी लागते.

दुसरी गंमत पाना मारणाऱ्याच्या ताकदीची. आपण पान्यावर जो जोर लावतो त्यातला साधारण निम्मा नटाच्या बुडाखालच्या घर्षणात जातो, चाळीस टक्के आट्यांमधल्या घर्षणात जातो आणि बोल्ट ताणायला उरतो तो दहावा हिस्सा. घर्षण थोडं बदललं की हा उरलेला हिस्सा फार बदलतो. गंजलेल्या आट्यांवर मिस्त्री घामाघूम होईपर्यंत पिळतो आणि बोल्टला ताण जवळपास मिळतच नाही. उलट त्याच आट्यांना तेल लावून त्याच मापाने पिळलं तर ताण प्रमाणाबाहेर जातो आणि बोल्ट कायमचा लांबून कामातून जातो. पान्यावर उभं राहून, वरून नळी चढवून चाकाचे नट पिळण्याची आपल्याकडची सवय त्यामुळे दोन्हीकडून धोक्याची. ‘एकदम टाइट केलाय, साहेब’ या वाक्याने बोल्टच्या आत काय चाललंय ते कळत नाही. टॉर्क पाना लावला तरी तो घर्षणच मोजतो, पण निदान रोज सारखंच मोजतो.

ताण कमी झाला की पुढचा प्रकार सुरू होतो, आणि नट खरोखर फिरतो तो इथे. गाडी वरखाली आपटते म्हणून नट सुटतात, असं बरीच वर्षं इंजिनिअरसुद्धा मानत होते. जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी हे चित्र बदललं. बोल्टच्या लांबीच्या दिशेने धक्के दिले तर नट सहसा थोडाफारच सैल होतो. जोडलेले दोन भाग एकमेकांवर आडवे सरकू लागले, तर मात्र तो पाहता पाहता पूर्ण सुटून येतो. कारण असं: उतारावर ठेवलेली जड पेटी घर्षणामुळे जागची हलत नाही, पण तिला आडवं ओढायला लागलं की ती उताराच्या दिशेनेही खाली घसरते, कारण घर्षण तेवढ्यापुरतं आडव्या ओढीशी झुंजण्यात गुंतलेलं असतं. बोल्टचे आटे म्हणजे दांड्याला गुंडाळलेला उतारच. जोड आडवा सरकला की आट्यांमधलं घर्षण क्षणभर निकामी होतं, आणि ताणलेला बोल्ट नटाला त्या उतारावरून एक पाऊल मागे ढकलतो. सेकंदाला तीस वेळा अशी संधी मिळाली तर किती वेळ लागणार?

युंकर यांचं यंत्र पुढे जगभर प्रमाण चाचणी म्हणून वापरात आलं आणि त्यात एका फार लाडक्या वस्तूची अब्रू गेली. ती म्हणजे स्प्रिंग वॉशर. आपल्याकडच्या कुठल्याही गॅरेजात नटाखाली स्प्रिंग वॉशर नसेल तर काम अर्धवट समजतात. बोल्ट पूर्ण आवळला की हा वॉशर चेपून सपाट होतो आणि साध्या वॉशरइतकाच उरतो. अमेरिकेच्या नासा संस्थेने १९९० साली काढलेल्या बोल्ट-रिबिटांच्या मार्गदर्शिकेतही हेच स्पष्ट लिहिलेलं आहे. स्प्रिंग वॉशर घातल्याने बिघडत काही नाही. त्याच्या भरवशावर नट कमी आवळला तर बिघडतं.

एसटीच्या बाबतीत हे सगळं प्रश्न म्हणून उभं राहिलं ते पहिल्या दिवसापासून. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली तेव्हा एसटीकडे बेडफर्ड बनावटीच्या गाड्या होत्या. त्यांच्या बॉडी लाकडी आणि सीटमध्ये काथ्या. लाकूड आणि बोल्ट यांचं जमणं कठीण. पावसाळ्यात लाकूड फुगतं, मे महिन्यात आकसतं, आणि दर उन्हाळ्यात बोल्टखालची पकड आपोआप कमी होते. वॉशर मोठा नसला तर नट लाकडात रुततो. रुतला की त्याला कितीही पिळा, ताण बोल्टात न जाता लाकडात जातो. पुढे पोलादी बॉडी आल्या. पण कोकणातल्या खाऱ्या हवेत पोलाद गंजतं, म्हणून १९६०च्या सुमारास एसटीने ॲल्युमिनियमची वाट धरली. निळा-रुपेरी रंग जाऊन लाल रंगही आला, तो पुढे ओळखच झाला.

आणखी एक अडचण त्या काळातल्या कामगारांना रोज भोगावी लागत होती, ती म्हणजे आट्यांच्या मापांची. सुरुवातीच्या ताफ्यात बेडफर्डबरोबर अल्बियन, लेलँड, मॉरिस, शेव्हर्ले, स्टुडबेकर अशा कितीतरी कंपन्यांच्या गाड्या होत्या. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली आट्यांचं पहिलं राष्ट्रीय प्रमाण मांडलं, त्यात आट्याचा कोन ५५ अंशांचा. अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी १८६४ साली ६० अंशांचा सुचवला. मग १९५४ साली टाटांच्या टेल्को कंपनीने डेम्लर-बेंझशी करार केला आणि मिलिमीटरच्या मापाच्या ‘टाटा-मर्सिडीज’ आल्या. इंची पाना मिलिमीटरच्या नटाला जवळजवळ बसतो, आणि घोटाळा या ‘जवळजवळ’मध्येच होतो: दोन वेळा घसरला की नटाचे कोपरे गोल होतात, मग तो नट छिन्नीशिवाय निघत नाही. जवळच्या मापाचा चुकीचा नट बळजबरीने चढवला तर दोन-तीन फेरे जातो, घट्ट वाटतो आणि आटे मरतात. जुन्या ब्रिटिश घडणीच्या कित्येक जड वाहनांत तर डाव्या बाजूच्या चाकांचे आटेच उलटे असत. गाडी पुढे जाताना डाव्या चाकांवर साधा नट सुटण्याच्या दिशेने सरकायला बघतो, त्याला हा तोड. हे माहीत नसलेला नवा हेल्पर नट सोडतो आहे असं समजून तो आणखी आवळत बसायचा.

ॲल्युमिनियमच्या बॉडीबरोबर रिबिटांचं राज्य आलं. पत्रा पातळ असतो, त्यात आटे धरायला जागाच नाही, म्हणून तिथे बोल्टपेक्षा रिबीट बरी. खरी रिबीट ठोकायला दोन माणसं लागतात. बाहेरचा हातोडीने किंवा हवेच्या बंदुकीने डोकं ठोकतो, आतला डॉली म्हणजे लोखंडाचा जड ठोकळा शेपटीवर धरून बसतो, आणि शेपटी चेपून तिचं दुसरं डोकं होतं. दोघांचा ठेका जुळला नाही तर रिबीट तिरकी बसते, पत्र्याला खड्डा पडतो. जिथे आत हात पोचत नाही तिथे पॉप रिबीट: मधली तार बंदुकीने ओढायची, आतलं टोक फुगतं, आणि ‘टक्’ आवाज होऊन तार तुटते.

रिबिटेला पिळून परत घट्ट करता येत नाही. ती सैल झाली की बदलावीच लागते. पण सैल होते ती कशी? नटासारखी फिरून नाही, तर भोकाशी घासून. यात ऊनसुद्धा सामील आहे. ॲल्युमिनियम उष्णतेने पोलादाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. हिवाळ्यातल्या पहाटे १५ अंशांवर असलेलं छत मे महिन्याच्या दुपारी ६० अंशांवर गेलं असं धरू. दहा मीटर लांबीचा सलग ॲल्युमिनियमचा पत्रा तेवढ्या फरकाने १० मिलिमीटर वाढेल, त्याखालचा पोलादी सांगाडा वाढेल साडेपाच. उरलेले साडेचार-पाच मिलिमीटर जाणार कुठे? पत्रे तुकड्यांत जोडलेले असतात म्हणून हा फरक वाटला जातो, आणि प्रत्येक रिबीट दिवसाकाठी थोडीशी एका बाजूला ढकलली जाते, रात्री परत. रोज थोडं, पण रोज.

समुद्रकाठी तिसरा शत्रू भेटतो. ॲल्युमिनियम आणि पोलाद एकमेकांना टेकलेले असताना त्यांच्यामध्ये खारं पाणी शिरलं की एक छोटी बॅटरीच तयार होते, आणि तिच्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियमचा मोठा पत्रा आणि पोलादाची छोटी रिबीट असेल तर झीज मोठ्या पत्र्यावर पसरते. मोठा पोलादी सांगाडा आणि त्यावर ॲल्युमिनियमची छोटी रिबीट असेल, तर सगळा मारा त्या रिबिटेवर. स्वारगेटहून दापोली-महाडकडे जाणाऱ्या गाडीच्या खालच्या पट्टीला या गोष्टीचा जास्त त्रास, सोलापूरच्या बाजूला धावणाऱ्या गाडीला कमी. दोन धातूंच्या मध्ये रंगाचा, प्रायमरचा किंवा सीलंटचा थर असावा, असा नियम यासाठी आहे. रबराची पट्टी घातली तर आवाजही कमी होतो, पण रबर पुढे चेपतं आणि बोल्टचा ताण घेऊन जातं. प्रत्येक उपायाला असं एक शेपूट आहे.

सैल रिबीट ओळखायला हत्यार लागत नाही. तिच्या डोक्याभोवती काळपट ओघळ दिसतो, धुराचा डाग पडल्यासारखा, आणि तो वाऱ्याच्या दिशेने मागे ओढलेला असतो. घासून निघालेल्या ॲल्युमिनियमची ती काळी भुकटी. विमानांच्या देखभालीतही नेमकी हीच खूण शोधतात. पोलादी नटाखाली हीच गोष्ट तांबूस दिसते: गंजाचा ओघळ, आणि नटाच्या कडेला एक चकचकीत पट्टा. बाकी सगळं धुळीने माखलेलं आणि तेवढीच कडा चकाकते आहे, म्हणजे तिथे काहीतरी हलतंय. हाताने तपासायचं तर नटाच्या एका बाजूला बोट टेकवून दुसऱ्या बाजूला हातोडीने हलकेच टोला द्यायचा. घट्ट जोड खणखणीत वाजतो. सैल जोडाचा आवाज बद्द येतो आणि बोटाला हालचाल जाणवते. रेल्वेत चाकं हातोडीने वाजवून बघतात, त्याच विद्येचा हा धाकटा भाऊ.

रिबीट बदलण्याचं काम जवळून बघण्यासारखं असतं. रिबिटेच्या डोक्यावर मधोमध पंचाने खूण करायची. खूण चुकली तर ड्रिल घसरतं आणि भोक लंबगोल होतं. रिबिटेच्याच जाडीचं ड्रिल घेऊन फक्त डोकं कापायचं, खालच्या पत्र्याला स्पर्श होता कामा नये. उरलेला दांडा पंचाने मागे ढकलायचा. भोक गोल राहिलं असेल तर त्याच मापाची नवी रिबीट. घासून मोठं झालं असेल तर भोक सारखं करून एक माप वरची. मोठ्या भोकात जुन्या मापाचीच रिबीट ठोकून ‘काम भागवलं’, तर ती आठवड्यात पुन्हा खडखडते, आणि यावेळी शेजारच्या दोघींना घेऊन. एक रिबीट गेली की तिचा भार शेजारणींवर पडतो. म्हणून एका जागी एक सैल मिळाली की तिच्या दोन्ही बाजूंच्या चार-पाच तपासायच्या, हा मिस्त्रींचा रिवाज शास्त्राला धरूनच आहे.

ॲल्युमिनियमच्या रिबिटलेल्या पत्र्याची ही कला गाड्यांकडे आली ती विमानांकडून. अमेरिकेत ग्लायडर बनवणारे हॉली बॉलस यांनी १९३४ साली विमानाच्या सांगाड्यासारखीच रिबिटलेली, मोटारीमागे ओढायची एक चाकांवरची खोली तयार केली. तिच्यावरून वॉली बायम यांनी १९३६ मध्ये ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ आणली. चकाकत्या पोटाच्या त्या गाड्या अमेरिकेत अजून धावतात, आणि त्यांचे मालक अजून त्याच काळ्या ओघळांच्या मागे असतात. खालापूर-लोणावळ्याच्या वळणांवर पत्रा जसा पिळतो तसाच तो अमेरिकेतल्या डोंगरातही पिळतो.

इकडे एसटीच्या आगारात सगळेच नट सारख्या योग्यतेचे नसतात. सीटचा बोल्ट सैल झाला तर प्रवासी वैतागतो. पाट्यांचा यू-बोल्ट सैल झाला तर गाडी रस्ता सोडते. कमानीचे पाटे आणि ॲक्सल यांना एकत्र बांधतात ते हे यू-बोल्ट. पाट्यांच्या मधोमध एक बारीक सेंटर बोल्ट असतो, त्याचं काम पाटे नीट जागेवर ठेवण्यापुरतं. यू-बोल्टची पकड गेली की ॲक्सल पुढे-मागे सरकायला लागतो आणि सगळा हिसका त्या बिचाऱ्या सेंटर बोल्टवर येतो. तो तुटतो. ॲक्सल तिरका होतो, गाडी एका बाजूला ओढते, ड्रायव्हरला स्टिअरिंग वाकडं धरून सरळ जावं लागतं. मागून पाहिलं तर गाडी खेकड्यासारखी तिरपी चाललेली दिसते. अशा वेळी फक्त तुटलेला सेंटर बोल्ट बदलून चालत नाही, कारण तो दुखण्याचं मूळ नव्हता. नवे पाटे बसवल्यावर यू-बोल्ट गाडीवर वजन ठेवून आवळावे लागतात आणि थोडं धावल्यावर पुन्हा बघावे लागतात, कारण पाटे एकमेकांवर बसायला वेळ घेतात.

स्टिअरिंगच्या जोडांवर तर नुसत्या घर्षणावर कुणी विसंबत नाही. तिथे खाचा पाडलेला नट आणि त्यातून आरपार जाणारी कॉटर पिन असते. नट सैल झाला तरी फिरून बाहेर पडू शकत नाही. ही पिन काही पैशांची वस्तू आहे आणि एकदा वाकवून काढलेली पुन्हा घालायची नसते. जुनी सरळ करून घालण्यात वाचतं काय आणि जाऊ शकतं काय, याचा हिशेब करायला कागदही लागत नाही.

या सगळ्याची उतरंड एसटीत ठरलेली आहे. आगारात रोजची देखभाल, विभागीय कार्यशाळेत मोठी दुरुस्ती, आणि बॉडी बांधणीसाठी मध्यवर्ती कार्यशाळा: पुण्यात दापोडी, छत्रपती संभाजीनगरला (पूर्वीच्या औरंगाबादला) चिकलठाणा, नागपूरला हिंगणा. गाडी रात्री परत आली की ड्रायव्हरने सांगितलेला दोष लिहून घेतला जातो, आणि या साखळीतली सर्वांत मोलाची कडी तीच आहे असं मला वाटतं. ‘मागून डाव्या बाजूने आवाज येतो’ एवढंच वाक्य असतं. पण तो आवाज ब्रेक दाबल्यावर येतो की वळणावर, रिकाम्या गाडीत की भरलेल्या, हे विचारणारा मिस्त्री भेटला तर काम अर्ध्या तासात होतं. न विचारणारा भेटला तर तो पाना घेऊन दिसेल तो नट आवळत सुटतो, आणि सकाळी आवाज तिथेच असतो.

पुण्याला या विषयातल्या मोठ्या संस्थाही लाभलेल्या आहेत. वाहनांच्या चाचण्या घेणारी एआरएआय ही संस्था १९६६ साली इथे सुरू झाली आणि भोसरीची केंद्रीय मार्ग परिवहन संस्था १९६७ साली. बस-बॉडीच्या बांधणीसाठी देशभर जी एआयएस-०५२ ही संहिता लागू झाली तिच्या चाचण्यांत या दोन्ही संस्थांचा हात आहे. एसटीनेही अलीकडे ॲल्युमिनियमऐवजी माईल्ड स्टीलच्या बॉडी घेतल्या. वेल्डिंगने जोडलेला सांगाडा रिबिटांसारखा घासत नाही, अपघातात पत्रा फाटून त्याच्या धारदार कडा प्रवाशांना लागण्याचा धोकाही कमी. मात्र वेल्डिंगला तडा गेला तर तो खडखडून सांगत नाही, रंगाखाली मुकाट वाढतो. खडखडणाऱ्या रिबिटेचा तेवढा एक गुण होता.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, आणि झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेल्या गाड्यांची हौस पुण्यातही वाढते आहे. अशा गाडीचा मालक लवकरच शिकतो की इंजिनाखालचे नट त्याला फारसे सतावत नाहीत. सतावतात ती आतली कपाटं. पातळ प्लायवूडमध्ये बसवलेला स्क्रू घरात वीस वर्षं टिकतो आणि रस्त्यावर वीस दिवसांत भोक मोठं करून हलायला लागतो. डिसमिस घेऊन तोच स्क्रू पुन्हा पिळण्यात अर्थ नसतो, कारण लाकडाच्या तंतूंचा तिथे भुगा झालेला असतो. काडेपेटीच्या काड्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकात ठोकायच्या, रात्रभर सुकू द्यायच्या आणि मग नव्याने स्क्रू बसवायचा, हा सुताराचा जुना उपाय हलक्या दारांना पुरतो. जड कपाटाला मात्र आरपार बोल्ट आणि मागे मोठा वॉशर हवा. भिंत पत्र्याची असेल तर रिव्हनट: पत्र्याच्या भोकात रिबिटेसारखा फुगवून बसवायचा, आतून आटे असलेला तुकडा. अमेरिकेतल्या गुडरिच कंपनीने १९३०च्या दशकात विमानाच्या पंखांवर बर्फ हटवणारी रबरी पट्टी बसवण्यासाठी तो काढला. आता रविवार पेठेतल्या बोहरी आळीत हार्डवेअरच्या दुकानांत हात घातला तर तोही सापडतो.

तिथेच मिळते ती थ्रेडलॉकरची, म्हणजे आट्यांना लावायच्या लाल किंवा निळ्या द्रवाची बाटली. अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ साली बनवलेला हा द्रव उलट्या स्वभावाचा आहे: बाटलीत हवा असेपर्यंत पातळ राहतो आणि आट्यांमध्ये हवा न मिळाल्यावर, धातूच्या सान्निध्यात, कडक होतो. म्हणून बाटली पूर्ण भरलेली कधीच नसते. निळा थर हाताच्या पान्याने सुटतो. लाल थर लावलेला बोल्ट सोडायला आधी चांगला तापवावा लागतो, हे न वाचता सगळीकडे लाल लावणाऱ्यांची पुढच्या दुरुस्तीत पंचाईत होते. आट्यांवर तेल-ग्रीस असेल तर हा द्रव धरतच नाही, आणि कमी आवळलेल्या नटाला तोही वाचवू शकत नाही.

१ जून २०२२ रोजी, पहिल्या एसटीच्या बरोबर चौऱ्याहत्तर वर्षांनंतर, त्याच पुणे–अहमदनगर मार्गावर ‘शिवाई’ ही विजेवरची बस सुरू झाली. तिच्यात ते सेकंदाला तीस स्फोट नाहीत. उभी असताना ती खरोखरच उभी असते, काचा वाजत नाहीत. त्यामुळे खिडक्यांचे स्क्रू, दिव्यांच्या पट्ट्या, डॅशबोर्डचे बारीक नट यांना आराम मिळतो. पण बॅटऱ्यांचं वजन काही टनांचं असतं, ते धरून ठेवणाऱ्या बोल्टवर प्रत्येक ब्रेकचा आणि वळणाचा आडवा हिसका येतो, आणि युंकर यांनी दाखवलेली आडव्या सरकण्याची अट इथे जुन्या गाडीपेक्षा सहज पुरी होऊ शकते. विजेची मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर देते, त्यामुळे ॲक्सलच्या जोडांवरचा ताण सावकाश न चढता एकदम येतो. अशा बोल्टवर म्हणून आता आवळून झाल्यावर रंगाची एक सरळ रेघ ओढतात, अर्धी नटावर, अर्धी शेजारच्या पट्टीवर. रेघ तुटली तर नट फिरला. रेघ जुळलेली असली तरी ठरलेल्या मुदतीला टॉर्क पाना लावावाच लागतो, कारण न फिरता हरवलेला ताण रेघेला कळत नाही.